गुरुवारची पुडी

१३ जून २०२४, गुरुवार

डायरी लिहिणाऱ्यातली मी नाही. दिवसभर तिकिटाच्या मशीनवर बोटं मारून घरी आल्यावर आणखी काही लिहावंसं कुणाला वाटेल? पण आज एक गोष्ट कुणाला सांगायची नाही असं मी कबूल करून आले आहे, आणि नयन कंडक्टरच्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या नेर डेपोला ठाऊक आहे. म्हणून ही वही.

गुडघ्यांनी जीव नकोसा केला होता. माझ्या लेकीचे, सुरभीचे बाबा गेले, त्यांच्या जागी मला एसटीत घेतलं, तेव्हापासून मी उभीच आहे. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तांड्यावरची लालीबाई रोज भाजीची टोपली घेऊन माझ्या गाडीला येते. मागच्या वर्षीपर्यंत तिला हाताला धरून पायरीवर ओढावं लागायचं. आता ती आपली आपण चढते. परवा विचारलंच मी, काय जादू केली म्हणून. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुरुवारी फाट्यावर उतर माह्यासंगं. पुंडलिकरावाकडं."

पुंडलिकराव झेडपीच्या शाळेत क्लार्क होते, आता रिटायर. बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. ओसरीवर दहा-बारा माणसं होती. त्यांनी मला आठवड्याच्या कागदी पुड्या दिल्या, भुऱ्या रंगाच्या भुकटीच्या. सकाळी चमचाभर कोमट तुपात घ्यायची. पैसे मागितले नाहीत, ज्याने त्याने समजून ठेवायचं. मी विचारलं, हे औषध कशाचं आहे? तर ओसरीवरचं बोलणं एकदम थांबलं.

"औषध म्हनाचं नाही, बाई," पुंडलिकराव म्हणाले. "तोंडातून औषध निघालं का त्याचा गुण जाते. तुमचाही, अन् इथं बसले त्याहिचाही. पुडी म्हना. नाही तं काहीच म्हनू नका."

मी कान पकडले.

१६ जून, रविवार

गुडघे दुखत नाहीत. कमी झालं असं नाही, गेलंच. दारव्ह्याच्या फेरीत मी गाणं गुणगुणत होते, ड्रायव्हरने वळून पाहिलं.

१८ जुलै, गुरुवार

भूक अशी लागते की सुरभी म्हणते, आई, तुले दुष्काळातून आणलं का. अंगाने भरले आहे. डेपोत टिंगल चालते, "नयनबाईले चरबी चढली." चढू द्या. झोप कमी येते, पण उत्साह एवढा की पहाटेच कपडे धुऊन मोकळी होते.

ओसरीवर एक गंमत दिसली. तिथे येतात ती माणसं निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या जातींची, पण चेहरे एकाच घरचे वाटतात. गोल, लालसर, चकचकीत. गाल वर येऊन डोळे बारीक झालेले. मागे मानेखाली थोडासा उंचवटा. आज मी एका बाईला लालीबाई समजून पाठीवर थाप मारली, तर ती वेगळीच कुणी निघाली. ती हसली, तेव्हाही मला लालीबाईच हसल्यासारखी वाटली.

लालीबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तेज म्हन्तेत त्याले. तुयाही तोंडावर येऊन राह्यलं."

मला बरं वाटलं. या वयात तोंडावर तेज आहे म्हणणारं दुसरं कोण भेटणार?

१ सप्टेंबर, रविवार

उद्या पोळा. आज संध्याकाळी सगळीकडे बैलांची खांदशेकणी. फाट्यावर गाडी पंक्चर झाली म्हणून मी पुंडलिकरावांच्या अंगणात टेकले. त्यांचा भाऊ बैलांच्या खांद्यांना हळद आणि गरम तूप चोळत होता. उद्या जेवायला या, असं बैलांना आमंत्रण देण्याचं ते जे म्हणायचं असतं तेही म्हणून झालं. मग मला दिसलं, पुंडलिकराव खुर्चीवर बसून त्याच वाटीतलं तूप बोटावर घेत होते आणि धोतराच्या आत जांघेशी चोळत होते. चेहऱ्यावर काहीच नाही. बैलाकडे पाहत होते आणि चोळत होते.

त्यांच्या ओसरीवर सतरंजी नसते हे तेव्हा ध्यानात आलं. सगळ्यांना खुर्च्या. खाली बसणारं कुणीच नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. सुरभीने माझा फोटो काढला आणि बराच वेळ मोबाइलकडेच पाहत राहिली. म्हणाली, "आई, तू त्या भाजीवाल्या बाईसारखी दिसून राह्यली."

मी आरशात जाऊन पाहिलं. अगदीच खोटं नव्हतं.

दंडावर निळे डाग पडतात, कुठे लागलं ते आठवत नाही. लागलं असेल. गाडीत लागतच असतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज लिहिण्याएवढी शक्ती आली. पुंडलिकराव मुलाकडे नागपूरला गेले होते, दोन गुरुवार ओसरी बंद. माझ्या पुड्या संपल्या. आधी अंग मोडून आलं, मग अन्नावरची वासना गेली, मग ओकाऱ्या. दारव्ह्याच्या गाडीत तिकीट देता देता डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी बॉनेटवर पडले. लोकांनी उतरवून दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावलं. तिथले डॉक्टर म्हणाले, बीपी फारच खाली आहे, कारण कळत नाही.

आज लालीबाईने रिक्षात घालून फाट्यावर नेलं. ती स्वतः पांढरीफटक पडली होती. ओसरीवर सगळेच तसे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे रस्त्याकडे तोंड करून बसले होते. पुंडलिकराव आले ते भावाच्या खांद्याला धरून. पुडी घेतली आणि दुपारपर्यंत मी उठून बसले, संध्याकाळी भाकरी खाल्ली.

म्हणजे ती मला धरून ठेवते. ती सुटली तर मी पडते. याची मला भीती वाटली हे इथे लिहिते, बोलणार नाही. आता पुड्या साठवून डब्यात ठेवायच्या.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

गुडघे ठीक आहेत. पण उजव्या जांघेत आत खोल काहीतरी आहे. पायरीवरून उतरताना तिथे कळ येते आणि गुडघ्यापर्यंत जाते. पुंडलिकरावांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "उजवा का?" मी हो म्हटलं. "पहिले उजवाच धरते," ते म्हणाले आणि दोन पुड्या जास्त दिल्या.

ओसरीवरून उठताना पाहिलं. सगळे सारखेच उठतात. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, थोडं थांबायचं, तोंड वाकडं करायचं, मग डावा पाय पुढे. चालण्याचा आवाजही एकच. एक टप्प, मग फरशीवर घासल्याचा.

३० जानेवारी, गुरुवार

डेपोत तपासणी शिबिर झालं. रक्त घेणारा जुनेद माझ्याच गाडीने जाणं-येणं करणारा पोरगा. दुपारी त्याने मला बाजूला बोलावलं. स्टँडमध्ये सगळ्यांच्या नळ्या उभ्या होत्या. खाली लाल गाळ, वर पिवळसर पाणी. एका नळीत मात्र वर दूध होतं. पातळ नाही, घट्ट, साय धरेल असं.

"ताई, उपाशीपोटीच आल्ता ना तुम्ही?" जुनेदने विचारलं.

"हो ना. चहासुद्धा नाही घेतला."

"मले अशी नळी पाह्याले भेटली नाही आजवर. रक्तात चरबी हाय. मोठ्या डॉक्टरकडं जा."

ती नळी माझी आहे यावर विश्वास बसेना. त्याने तिरकी करून चिठ्ठी दाखवली, नाव माझंच. ते दूध हळू हळू एका बाजूला सरकलं. डेपोतले लोक चरबी चढली म्हणत होते, ती अशी समोर येऊन उभी राहील असं वाटलं नव्हतं. घरी येऊन मी दुधाचं पातेलं झाकून ठेवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सुरभी सोबत होती. त्या गुहेसारख्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगतात. मांडीचं हाड जिथे कमरेत बसतं तिथे त्याला चेंडूसारखा गोळा असतो. त्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसा फार बारीक असतात. रक्तात चरबी माजली की त्या बुजू शकतात. रक्त थांबलं की हाड मरतं.

"मरतं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मेलंय, ताई. उजव्या गोळ्याचा बराच भाग. तो आता ढासळू लागलाय. डावीकडेही सुरुवात दिसते. गोळा बदलावा लागेल. आणि उभं राहण्याची ड्युटी बंद."

मग विचारपूस. दारू? नाही. कोरोनात ॲडमिट होता, स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली होती? नाही, मला कोरोना झालाच नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "चेहरा पाहून मला वेगळी शंका येते. नीट आठवून सांगा. कोणतं औषध चालू आहे? अगदी गावठी औषधसुद्धा?"

"कोणतंच औषध नाही, सर."

सुरभीने माझ्याकडे पाहिलं, पण घरी तीही पुडीच म्हणते, तीही काही बोलली नाही. खोटं बोलल्यासारखं मला वाटलं नाही. जे औषध नाही त्याला औषध कसं म्हणणार? शिवाय ते नाव घेतलं असतं तर लालीबाई उद्या पायरी चढू शकली नसती. एवढं पाप कोण डोक्यावर घेईल?

डॉक्टरांनी चरबीच्या गोळ्या लिहून दिल्या. तूप बंद सांगितलं. तुपाशिवाय पुडी कशी घ्यायची ते पुंडलिकरावांना विचारावं लागेल.

९ मार्च, रविवार

रजेवर आहे. कुबडी आणली. ड्युटी गेली तर काय, हा विचार दिवसभर असतोच, पण त्याच्याही मागे दुसरा एक असतो. माझ्यातलं काहीतरी मेलं आहे आणि मी ते घेऊन फिरते आहे. माणूस मेलं तर लोक येतात, रडतात, तेरवी होते. हे आत पडून आहे, त्याचं कुणी काहीच केलेलं नाही. मी झोपते तर ते माझ्यासोबत आडवं होतं.

आज भर दुपारी स्वयंपाकघरात होते. मागे पुंडलिकराव आले असं वाटलं. टप्प, मग घासल्याचा आवाज. या बसा म्हणत वळले. कुणी नव्हतं. पुढे गेले तर पुन्हा तेच. मी थांबले की तेही थांबायचं. कळलं तेव्हा मी ओट्याला धरून उभी राहिले आणि खूप रडले.

२३ मार्च, रविवार

सुरभीची पोलिस भरतीची तयारी जोरात चालू आहे. आता घरात तीच एक आशा. पण पायाच्या नळ्या दुखतात, धावून आली की बर्फ लावून बसते. काल मैदान अर्ध्यातच सोडून आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला पाहवलं नाही. डब्यात पुड्या होत्या. अर्धीच दिली. आज ती सगळ्यांच्या पुढे होती म्हणे.

"आई, पाय आहे का नाही ते समजतच नोतं," ती म्हणाली. घरात पुष्कळ दिवसांनी हसणं झालं.

३० एप्रिल, बुधवार

आज अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांना घालायचं, म्हणून सुरभीच्या बाबांचं पान वाढलं. पुरणपोळी, कुरड्या, आंब्याचा रस, वर तूप. मातीची घागर भरून ठेवली. मग माझ्या मनात आलं ते लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. मेलेल्यांचा दिवस आहे, तर माझ्यातल्या त्या मेलेल्याचं काय? त्याला कोण घालणार? मी दुसरं पान मांडलं. लहानसं, पळसाचं. एक घास ठेवला आणि तूप सोडलं.

सुरभी बाहेरून आली. "हे दुसरं कोनाचं वं?"

मी घागर सारखी करू लागले. तिला वाटलं तिचंच आहे. उपाशी होती, हल्ली सारखीच उपाशी असते. मी नको म्हणेपर्यंत ती पाटावर बसली आणि मेलेल्या हाडाचा तो घास उचलून तोंडात टाकला. दाराकडून ऊन तिच्या तोंडावर येत होतं. गाल वर आलेले, चकचकीत. डोळे बारीक झालेले. हनुवटी कुठे संपते ते कळत नव्हतं. ती हसली आणि मला ओसरी दिसली.

ही माझी पोरगी माझ्यावर गेली नाही, बापावर गेली नाही. लालीबाईवर गेली, पुंडलिकरावांवर गेली, त्या नाव नसलेल्या बाईवर गेली. तिच्या चेहऱ्यात मी सुरभीला शोधत होते आणि ती माझ्यासमोर बसून पोळी खात होती.

"पाय कुठं दुखते का?" मी विचारलं.

"कुठंच नाही. सांगतलं ना तुले, समजतच नाही."

२ मे, शुक्रवार

काल गुरुवार होता, मी फाट्यावर गेले नाही. आज पहिल्या गाडीने सुरभीला घेऊन यवतमाळ. डॉक्टरांसमोर बसले आणि तोंड उघडेना. नाव घेतलं की गुण जाणार. लालीबाईचा, सगळ्या ओसरीचा. माझा तर काही उरलाच नव्हता. मी सुरभीकडे पाहिलं.

"सर, औषध चालू आहे," मी म्हटलं. "माझं मागच्या पावसाळ्यापासून. पोरीला मीच दिलं, महिना झाला."

काही झालं नाही. पंखा फिरत होता, बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी एक पुडी उघडली, बोटाने सारखी केली आणि नाकाशी धरून पाहिली. मग म्हणाले, तपासणीला पाठवू, पण हिच्यात स्टिरॉइड असणार, दुसरं काही असूच शकत नाही. त्यानेच दुखणं दबतं, त्यानेच चेहरा फुगतो, त्यानेच रक्तात चरबी वाढते आणि त्यानेच हाड मरतं. आणि एकदम बंद करायचं नाही, नोव्हेंबरात मी पडले ते त्यामुळेच. मोजून कमी करायचं, त्यांच्या देखरेखीत. दोघींचंही.

मी विचारलं, मग मी पहिल्यांदा आले तेव्हा...? ते म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर डावा पाय वाचवायला जास्त वेळ मिळाला असता. आणि हिला आज इथे पेशंट म्हणून यावं लागलं नसतं."

सुरभीचं रक्त घेतलं. मी म्हटलं, नळी मला पाहायची आहे. तिथल्या बाईने आधी नाही म्हटलं, मग माझ्या कुबडीकडे पाहून आत घेतलं. लाल खाली बसलं. वरचं पाणी पिवळं आणि स्वच्छ होतं. पलीकडचा खिडकीचा गज त्यातून दिसत होता. तिच्या कमरेचे फोटोही घेतले. आज तरी त्यात काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायचे.

गाडीत सुरभी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. कंडक्टर आला तशी उठली, म्हणाली, "भरती पुढच्या साली पाहू." आणि तिकीट काढायला तिनेच हात पुढे केला.

८ मे, गुरुवार

फाट्यावर गेले. सुरभी येते म्हणत होती, मी येऊ दिलं नाही. आधी कधी नव्हती एवढी गर्दी होती, काही नवीन लोक, त्यांचे चेहरे अजून त्यांचेच होते. कुणीतरी मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

"हे औषध आहे," मी म्हटलं. बस भरलेली असताना मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून जो आवाज लावते, तो लावला. "स्टिरॉइडचं औषध आहे. यानेच आपली हाडं मरून राह्यली. माझं मेलं. डॉक्टरांनी फोटोत दाखवलं."

सगळे चेहरे एकदम माझ्याकडे वळले. तेच गाल, तेच बारीक डोळे, सगळीकडून. मला वाटलं, आता हे उठतील. पण उठता कुणाला येत होतं? दोन-चार हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले आणि तिथेच राहिले. एक म्हातारा म्हणाला, "बोलली ना शेवटी. गेला आता गुण." लालीबाई पदर तोंडात धरून "याडी, याडी" करत आईला हाक मारत होती. इतक्या दिवसांत ती मला पहिल्यांदा तिच्यासारखी दिसली.

एकदम बंद करू नका, माझ्यासारखे पडाल, हेही मी ओरडून सांगितलं. किती जणांनी ऐकलं माहीत नाही. नवीन आले होते त्यातले दोघे चप्पल घालून निघून गेले.

पुंडलिकराव मांडीवर पुड्यांचा डबा घेऊन बसले होते. मला वाटलं ते रागावतील, हाकलतील. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांना पुड्या आणून देणारा मोटरसायकलवर येतो आणि पाला आहे म्हणून सांगतो, हे त्यांनी भावाला सांगितल्यासारखं स्वतःशीच सांगितलं. मग मान वर केली. ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

"बाई, मी तं पाच साल झाले घेऊन राह्यलो," ते म्हणाले. "मंग माह्या खुब्याचं काय?"

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, सोमवारी सकाळच्या यवतमाळ गाडीला या, मीही जाणार आहे, पुढची सीट धरून ठेवते.